वाचकांचे प्रश्न : ‘ताई, पुढचा कोर्स कोणता करू?’

मागच्या अंकात लहानपणी झालेल्या आघातांबद्दल लिहिलं, त्यावर पालकांपेक्षा समुपदेशकांचीच पत्रं जास्त आली. सांगली, नांदेड, ठाणे, मडगाव. पदवी झाली, वर्कशॉप झाली, तरी आपल्याच माणसांनी दुखावलेलं मूल समोर येऊन बसलं की काय करावं सुचत नाही, असा बहुतेकांचा सूर आहे. म्हणून या वेळी त्यांचेच प्रश्न घेतलेत. मध्ये एका दत्तक आईचं पत्र मुद्दाम ठेवलंय. थेरपिस्टचं शिक्षण कच्चं राहिलं तर ते कुणाच्या अंगावर येतं, हे त्यातून कळेल.

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय. त्यानंतर ट्रॉमा, अटॅचमेंट, इनर चाइल्ड असे बरेच ऑनलाइन कोर्स केले. सर्टिफिकेटांची फाइल जाड झाली. आता एका परदेशी संस्थेचा ‘ॲडव्हान्स्ड’ कोर्स दिसतोय, फी माझ्या तीन महिन्यांच्या कमाईएवढी आहे. करू का? (समुपदेशक, सांगली)

फी भरायच्या आधी त्या संस्थेला ईमेल करा आणि एवढंच विचारा : मी मुलांबरोबर काम करते ते कुणी बघणार आहे का? समोर बसून नाही तर व्हिडिओवर, पण माझं सेशन, माझा आवाज, माझी घाई बघून मला कुणी चार गोष्टी सांगणार आहे का? उत्तर ‘नाही’ आलं, तर ते पैसे राखून ठेवा आणि त्यातून चांगली सुपरव्हिजन घ्या, म्हणजे अनुभवी थेरपिस्टकडून आपल्या कामावर नियमित मार्गदर्शन. माझं हे मत अगदी ठाम आहे.

ज्या पद्धती टिकल्या, त्यांनी ही अट अभ्यासक्रमातच घालून ठेवलीय. डोळ्यांच्या हालचालींच्या आधाराने आघाताच्या आठवणींवर काम करणाऱ्या ईएमडीआर पद्धतीचं अगदी प्राथमिक ट्रेनिंग बघा. अमेरिकेतल्या संघटनेच्या नियमानुसार २० तास शिकवणं, २० तास देखरेखीखाली सराव आणि शिवाय १० तास सल्लामसलत. ॲलिशिया लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली चाइल्ड-पॅरेंट सायकोथेरपी सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. तिचं ट्रेनिंग साधारण १८ महिने चालतं आणि त्या काळात चालू केसेसवर नियमित चर्चा होत राहते. डॅन ह्यूज यांची डायडिक डेव्हलपमेंटल सायकोथेरपी मुख्यतः दत्तक आणि फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्या, घरांतल्या मुलांसाठी घडली. तिथे दोन्ही पातळ्यांची शिबिरं केली म्हणून कुणी तुम्हाला प्रमाणित म्हणत नाही. त्यानंतर आपल्या सेशनचे व्हिडिओ सल्लागारापुढे ठेवावे लागतात.

मुळात हे शास्त्रच बघण्यातून उभं राहिलंय. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईवडिलांपासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला. त्याच दशकात मेरी एन्सवर्थ युगांडात कंपालाजवळच्या गावांमध्ये २६ कुटुंबांत नऊ महिने दर पंधरवड्याला जाऊन दोन-दोन तास बसत होत्या. बाळ कुणाकडे रांगत जातं, कुणाच्या कडेवर शांत होतं, आई दिसेनाशी झाली की काय करतं, हे टिपत होत्या. अटॅचमेंट म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाशी जुळलेलं मुलाचं नातं. आपण आज ज्याला सुरक्षित आणि असुरक्षित अटॅचमेंट म्हणतो, त्याची सुरुवात त्या घरांमधून झाली. मग तेच आपण नुसतं स्लाइडवरून शिकलो तर कसं चालेल?

बघण्यातून काय मिळतं ते एका उदाहरणाने सांगते. परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. माझ्याकडे सुपरव्हिजनला येणाऱ्या एका थेरपिस्टने व्हिडिओ आणला होता. सात वर्षांचा मुलगा भातुकली खेळतोय. बाहुलीपुढे ताट ठेवतो, लगेच उचलून घेतो आणि म्हणतो, “हिला नको. हिला भूकच लागत नाही.” थेरपिस्ट विचारते, “तुला लागते का रे भूक?” मुलाचा हात तिथल्या तिथे थांबतो, खांदे वर जातात. तो उठतो, खिडकीपाशी जातो आणि विचारतो, “किती वाजले?” त्या दिवशीच्या नोंदीत तिने लिहिलं होतं : मुलाचं लक्ष टिकत नाही. तोच तुकडा आम्ही पुन्हा पुन्हा लावला. आवाज बंद करून लावला. तेव्हा तिलाच दिसलं की त्याचं लक्ष पक्कं होतं. तो बाहुलीच्या आडून काहीतरी मोठं सांगत होता आणि आपण बाहुली बाजूला सारून थेट त्याच्यापर्यंत गेलो, म्हणून तो उठला. पुढच्या वेळी ती बाहुलीशीच बोलली : “भूक लागत नाही का हिला? बरं. मग ताट इथे जवळच राहू दे, वाटेल तेव्हा घेईल.” मुलगा उठला नाही. त्याने दुसरं ताट वाढायला घेतलं.

हे कुठल्याही लेक्चरमध्ये शिकवता येत नाही. आणि चुकलं म्हणून घाबरायचंही कारण नाही. एड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकापासून आई आणि बाळाच्या चेहऱ्यांचे व्हिडिओ सेकंदासेकंदाने तपासले. चांगल्या, प्रेमळ जोड्यांमध्येही सूर जुळलेला असतो तो वेळेच्या साधारण ३० टक्के. बाकीचा वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं. ज्या मुलांच्या वाट्याला फक्त चुकणंच आलं, त्यांना तुमच्याकडून ते पुन्हा जुळवणं हवं असतं. त्यासाठी आधी कुठे चुकलं ते दिसायला हवं.

दोन गोष्टी जाता जाता. कुठल्याही परदेशी सर्टिफिकेटाने तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. पाटी लावताना हे लक्षात ठेवा. आणि परदेशी कोर्समध्ये पॉक्सो शिकवत नाहीत. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर २०१२ च्या त्या कायद्याच्या कलम १९ नुसार तुम्हाला कळवावंच लागतं, गोपनीयतेचं कारण चालत नाही. कळवल्यानंतरही ते मूल आपल्याजवळ बोलत राहील असं कसं वागायचं, हे मात्र तुम्हाला इथल्याच अनुभवी माणसाकडून शिकावं लागेल.

प्रश्न : कॉम्प्लेक्स पीटीएसडी आणि डेव्हलपमेंटल ट्रॉमा एकच का? रिपोर्टमध्ये काय लिहायचं? (विद्यार्थिनी, पुणे)

एकच नाही. कॉम्प्लेक्स पीटीएसडी हे निदान आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात पीटीएसडीच्या, म्हणजे आघातानंतर राहणाऱ्या मानसिक त्रासाच्या, लक्षणांबरोबर भावना न आवरणं, स्वतःबद्दल खोलवरची हीन भावना आणि नाती टिकवण्यातली अडचण, हे तिन्ही लागतात. लहानपणी पुन्हा पुन्हा झालेल्या आघातांच्या परिणामांसाठी डेव्हलपमेंटल ट्रॉमा डिसऑर्डर हे निदान मनोविकारतज्ज्ञ बेसल व्हॅन डर कोल्क यांनी २००५ साली सुचवलं, पण २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, ते घेतलं गेलं नाही. तेव्हा समजून घेण्यासाठी ती कल्पना जरूर वापरा, रिपोर्टमध्ये निदान म्हणून लिहू नका.

प्रश्न : आमची मुलगी चार वर्षांची असताना संस्थेतून घरी आली. आता सहाची आहे. दप्तरात पोळ्या लपवते. कुणीही पाहुणा आला की त्याच्या मांडीवर जाऊन बसते. पडली, रक्त आलं तरी रडत नाही. आम्ही ज्यांच्याकडे जातो, त्यांनी अटॅचमेंट थेरपीचा कोर्स केलाय. ते म्हणतात, रोज तिला घट्ट धरून ठेवा, कितीही ओरडली तरी सोडू नका, आतला राग बाहेर पडला की ती तुमच्याशी जोडली जाईल. माझ्याच्याने ते होत नाही. मी आई म्हणून कमी पडतेय का? (एक आई, नाशिक)

नाही, अजिबात नाही. तुमचं मन जे सांगतंय तेच बरोबर आहे. हे आजपासून बंद करा.

बळजबरीने धरून ठेवण्याची ही पद्धत अमेरिकेत काही दशकं चालली. एप्रिल २००० मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या एव्हरग्रीन गावात १० वर्षांच्या एका दत्तक मुलीला ‘पुनर्जन्म’ देण्यासाठी चादरीत गुंडाळलं, वरून उशा लावल्या आणि मोठी माणसं तिच्यावर दाब देत राहिली. श्वास घेता येत नाही, असं ती सांगत होती. ती विरोध करतेय असं समजून कुणी थांबलं नाही. ते सुमारे ७० मिनिटं चाललं. दुसऱ्या दिवशी मुलगी गेली. हे करणाऱ्या दोन थेरपिस्टना प्रत्येकी १६ वर्षांची शिक्षा झाली आणि २००१ मध्ये कोलोरॅडोने असल्या ‘पुनर्जन्मा’वर कायद्याने बंदी आणली. पुढे २००६ मध्ये बाल-अत्याचाराच्या क्षेत्रातल्या अमेरिकन व्यावसायिकांच्या संघटनेच्या तज्ज्ञगटाने बळजबरीची असली तंत्रं वापरू नयेत असं स्पष्ट लिहिलं. तुमच्या थेरपिस्टनी सांगितलेला प्रकार इतका भयंकर नसेलही. पण मागचा विचार तोच आहे : मुलीचं ‘नको’ मोडून काढलं की ती आपली होईल. जिचं ‘नको’ आजवर कुणी ऐकलंच नसेल, तिला यातून एवढंच कळतं की इथेही ऐकत नाहीत.

लपवलेल्या पोळीकडे वेगळ्या नजरेने बघा. जिथे पुढचं जेवण आपल्या हातात नव्हतं, तिथे ती चार वर्षं राहिली. साठवून ठेवणं हे तिथलं शहाणपण होतं. दप्तरात पोळी सापडली तर तिच्या देखत ओढून काढू नका, हसू नका, शाळेत सांगू नका. स्वयंपाकघरात तिचा हात पोचेल असा एक डबा तिच्या नावाने ठेवा. चिक्की, लाडू, भाजलेले शेंगदाणे. ‘हा तुझा, विचारायची गरज नाही, संपला की मी भरते,’ असं सांगा आणि खरंच भरत राहा. जेवणाच्या आधी तिने त्यातलं खाल्लं तरी बोलू नका. हे काही महिने चालेल. पोळ्या एकदम बंद होणार नाहीत, कमी होत जातील.

ती पडली आणि रडली नाही, तर तिच्या वतीने तुम्ही बोला. “गुडघा सोलवटलाय, झोंबत असेल ना. मी फुंकर घालू?” तिने मान हलवली तर घाला, नाही म्हणाली तर औषध घेऊन शेजारी बसा. जवळ घेणं वाईट नाही, ती हवं तेव्हा सुटू शकेल एवढंच पाहा. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की ती मांडीवर आली तर तिला हळूच तुमच्याकडे पाठवायचं : “जा, आईला विचारून ये.” आल्यागेल्याच्या गळ्यात पडणं हे गोड स्वभावाचं लक्षण समजून लोक कौतुक करतात. ते थांबवा. पत्रावरून निदान मी करणार नाही. बालमानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या आणि तिचं ऐकणं, पोषण, वाढ हे बालरोगतज्ज्ञांकडून एकदा नीट बघून घ्या. संस्थेतून आलेल्या मुलांमध्ये हे राहून जातं.

नवा थेरपिस्ट निवडताना पहिल्या भेटीत काय होतं ते बघा. या कामात मुरलेला माणूस आधी तुम्हा दोघांनाच बोलावतो, मुलीला नंतर. तुम्ही स्वतः कसे वाढलात हेही विचारतो. सेशनमध्ये तुम्हाला बाहेर बसवत नाही, कारण मुलीला जोडायचंय ते तुमच्याशी. ह्यूज यांच्या पद्धतीत थेरपिस्टने चार गोष्टी कायम धरून ठेवायच्या असतात : खेळकरपणा, मूल जसं आहे तसं स्वीकारणं, खरं कुतूहल आणि सहानुभूती. आणि त्यांना बिनधास्त विचारा, ‘तुमची सुपरव्हिजन कोण करतं?’ या प्रश्नाने जे रागावतील, त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका.

प्रश्न : बालगृहात ५० मुली आहेत, समुपदेशक मी एकटी, तीही मानधनावर. देणगीदाराने एका व्यक्तीच्या ट्रेनिंगचे पैसे दिलेत. अधीक्षक म्हणतात तुम्हीच जा. जाऊ का? (समुपदेशक, नांदेड)

ते पैसे मुलींना सांभाळणाऱ्या मावशींवर खर्च करता आले तर बघा. मुलीला तुमच्या वाट्याचा आठवड्यातला अर्धा तास मिळतो, तोही मिळाला तर. मावशी तिला उठवतात, वेणी घालतात, तापात डोक्यावर पट्ट्या ठेवतात. अंथरूण ओलं झालं की रात्रपाळीच्या मावशी जे बोलतात, ते त्या मुलीच्या आत राहतं.

पण नुसतं ट्रेनिंगही पुरत नाही, आणि हे मोजून बघितलेलं आहे. रशियात सेंट पीटर्सबर्गमधल्या तीन शिशुगृहांत अमेरिकन आणि रशियन संशोधकांनी काम केलं, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. एका ठिकाणी सांभाळणाऱ्या बायकांना ट्रेनिंग दिलं आणि व्यवस्थाही बदलली : गट छोटे केले, प्रत्येक मुलाला ठरलेल्या बायका दिल्या, वयाप्रमाणे एका वॉर्डातून दुसऱ्यात हलवणं थांबवलं. दुसरीकडे फक्त ट्रेनिंग दिलं. तिसरीकडे काहीच बदललं नाही. शरीराने, बुद्धीने आणि नात्यांमध्ये सगळ्यात जास्त सुधारली ती पहिल्या ठिकाणची मुलं. नुसत्या ट्रेनिंगचा फायदा त्यापुढे बराच कमी होता.

तेव्हा अधीक्षकांकडे मागायचं ते हे : अमुक आठ मुली अमुक मावशींच्या. पाळ्या लावताना तेवढं सांभाळा. मावशी रजेवर जाणार असतील तर मुलींना आधी सांगा, आणि परत आल्यावर त्यांनी आपल्या मुलींना पहिलं भेटावं. नोकरी सोडून जाणार असतील तर निरोप घेऊ द्या. मुली रडतात म्हणून मावशींना गुपचूप पाठवतात, ते बंद करा. याला देणगी लागत नाही.

ट्रेनिंगसाठी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या ‘संवाद’ उपक्रमाकडे विचारणा करा. ते बालगृहांतल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि बाल कल्याण समित्यांसाठी काम करतात. मावशींना बसवून पॉवरपॉइंट दाखवू नका. कालची रात्र कशी गेली, इथून सुरुवात करा.

आणखी एक. बुखारेस्टमध्ये २००१ च्या सुमारास अनाथालयांतल्या १३६ बाळांवर अभ्यास सुरू झाला, त्यातली निम्मी फॉस्टर कुटुंबांत गेली. कुटुंबात गेलेली पुष्कळ सावरली, दोन वर्षांच्या आत गेलेली सगळ्यात जास्त. मोठ्या मुलींचं काही होत नाही असा याचा अर्थ नाही. पण ज्यांची सख्खी मावशी, आजी, काका जिवंत आहेत आणि पैशांअभावी मुलगी संस्थेत आहे, अशांची यादी काढा आणि बालसंगोपन योजनेचे अर्ज भरायला मदत करा. हेही आघातावरचंच काम आहे, आणि ते तुम्ही कुठलाही कोर्स न करता या महिन्यात सुरू करू शकता.

प्रश्न : मी अनुभवी थेरपिस्ट आहे, मोठ्या माणसांबरोबर काम करते. ॲडल्ट अटॅचमेंट इंटरव्ह्यूचं ट्रेनिंग घ्यावं का? (ठाणे)

संशोधन करायचं असेल तर घ्या. कॅरल जॉर्ज, नॅन्सी कॅप्लन आणि मेरी मेन यांनी १९८० च्या दशकात बर्कलेला तयार केलेली, मोठ्या माणसाच्या बालपणीच्या नात्यांबद्दलची ही मुलाखत सुमारे २० प्रश्नांची आणि तासाभराची असते. शब्दन् शब्द, अडखळणं, थांबणं सगळं उतरवून घेतात. गुणांकन शिकायला दोन आठवड्यांची शाळा, आणि त्यानंतर बराच काळ मुलाखती तपासून स्वतःची अचूकता सिद्ध करावी लागते.

क्लिनिकमध्ये मात्र तिचा गाभा समजला तरी खूप होतं. आईबरोबरच्या नात्यासाठी पाच विशेषणं सांगा, मग प्रत्येकाची एक आठवण सांगा. बाई म्हणतात, “प्रेमळ.” आठवण विचारली की म्हणतात, “प्रेमळच हो, सगळ्या आया असतात तशी.” पुन्हा विचारलं तर दुधाच्या पातेल्याची, माराची, कोंडून ठेवल्याची आठवण येते आणि पाठोपाठ “पण ती खूप प्रेमळ होती.” शब्द आणि आठवण यांच्यात जी दरी पडते, तिथे काम असतं. पण आपल्याकडे परक्यापुढे आईबद्दल वाईट बोलायचं नाही हा संस्कार घट्ट आहे. पहिल्याच भेटीत आलेल्या कौतुकावरून ‘हिने भावना दाबल्यात’ असा शिक्का मारू नका. तिसऱ्या, चौथ्या भेटीत पुन्हा विचारा. आणि हेच प्रश्न आधी तुमच्या स्वतःच्या थेरपीत तुम्हाला कुणीतरी विचारलेले असू द्या. नाहीतर क्लायंटच्या आईची बाजू तुम्ही इतक्या घाईने का घेताय, हे तुम्हाला कळणारच नाही.

प्रश्न : तुम्ही व्हिडिओ सुपरव्हिजनवर भर देता, पण इथे जवळ सुपरव्हायझर नाही आणि पालक कॅमेऱ्याला तयार होत नाहीत. (मडगाव)

सुपरव्हायझर ऑनलाइन चालतो. तोही लगेच मिळाला नाही तर तुमच्यासारखेच तीन-चार जण मिळून महिन्यातून दोनदा बसा, प्रत्येक वेळी एकाच केसवर, सल्ले न देता आधी नुसतं बघायचं असं ठरवून.

पालक बिचकतात ते बरोबरच आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २३ ने गोपनीयता हा त्यांचा हक्क आहे. संस्थेतल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे, तिथे बाल कल्याण समितीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कॅमेरा काढूच नका. बाकी ठिकाणी कॅमेरा मुलाकडे न लावता तुमच्याकडे लावा. मुलाची पाठ दिसली तरी चालते, सुपरव्हायझरला तुमचाच चेहरा बघायचा असतो. परवानगीचा कागद मराठीत किंवा कोंकणीत करा : कोण बघणार, कशासाठी, कुठे ठेवणार, कधी पुसणार. सही घेण्याआधी वाचून दाखवा आणि नंतर नकार दिला तरी उपचार थांबणार नाहीत हे सांगा. मुलालाही दर वेळी विचारा. ते ‘आज नको’ म्हणालं तर कॅमेरा ठेवून द्या, आणि सेशन संपल्यावर पुढच्या क्लायंटच्या आधी अर्धा तास रिकामा ठेवून आठवेल तसं सगळं लिहून काढा, कोण काय म्हणालं, त्या क्रमाने, स्वतःच्या वाक्यांसकट. तशा नोंदींवरही चांगली सुपरव्हिजन होते.